आधी छटा, मग वस्तू: शंभर वर्षांपूर्वीची कृष्णधवल छायाचित्रं पाहायची कशी

अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झचं ‘द स्टीअरेज’ (म्हणजे जहाजातला सगळ्यात स्वस्त वर्ग) हे १९०७ सालचं छायाचित्र समोर ठेवलं की पाहणारा बहुतेकदा लगेच अर्थ सांगून मोकळा होतो. जहाजाचा खालचा डेक, डोक्यावरून शाली घेतलेल्या बाया, त्यांची पोरं, वाळत घातलेले कपडे. म्हणजे हे युरोपातले गरीब लोक, अमेरिकेचा किनारा कधी दिसतो याची वाट पाहताहेत, आणि चित्रात नव्या आयुष्याची आशा आहे. पण ‘कायझर विल्हेल्म द्वितीय’ हे जहाज तेव्हा न्यूयॉर्क सोडून युरोपकडे निघालं होतं. त्या डेकवरचे लोक अमेरिकेत येत नव्हते, अमेरिकेतून परत जात होते.

इथे चुकला तो पाहण्याचा क्रम. आपण आधी वस्तू ओळखतो, मग त्या वस्तूला मनात आधीच तयार असलेला अर्थ चिकटवतो आणि चित्राकडे पाहणं थांबवतो. साधारण १८९० ते १९३० या काळातल्या कृष्णधवल छायाचित्रांवर हा फार मोठा अन्याय आहे. त्या छायाचित्रकारांनी भाव रचला तो काळ्या-पांढऱ्यामधल्या छटांमध्ये. प्रतीक असलंच तर ते त्या छटांच्या आधारावर उभं राहतं. म्हणून या लेखात क्रम उलटा आहे: आधी प्रत, मग छटा, मग हवा आणि काच, मग कडा, मग आकार, आणि त्यानंतर कुठे वस्तू आणि तिचा अर्थ.

थोडी पार्श्वभूमी लागेल. १८८८ साली कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा आला आणि फोटो काढणं कुणालाही जमू लागलं. ‘फोटो म्हणजे यंत्राने केलेली नक्कल’ हे मत तेव्हा पक्कं होतं. त्याला उत्तर म्हणून स्टीग्लिट्झने १९०२ मध्ये न्यूयॉर्कला ‘फोटो-सेसेशन’ हा गट उभा केला, १९०३ ते १९१७ या काळात ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाचे ५० अंक काढले आणि १९०५ पासून फिफ्थ ॲव्हेन्यूवर ‘२९१’ नावाचं छोटं दालन चालवलं. एडवर्ड स्टायकेन, गर्ट्रूड केसेबियर, क्लॅरेन्स व्हाइट हे सगळे त्या वर्तुळातले. आधीच्या वर्षांत धूसरपणावर भर होता. १९१५ च्या आसपास पॉल स्ट्रँडसारखा तरुण आला आणि चित्र धारदार झालं. धूसरपणा गेला तरी भाव मात्र राहिला. माझ्या दृष्टीने या काळातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तिथेच पोचवणाऱ्या आहेत.

पायरी १: आधी खरी प्रत शोधा

इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींवर विसंबू नका. त्यांत कॉन्ट्रास्ट वाढवलेला असतो, कडा कापलेल्या असतात आणि मूळचा तपकिरी किंवा निळसर रंग सपाट करडा करून टाकलेला असतो. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी यांच्या संकेतस्थळांवर चांगल्या प्रती आहेत. नॅशनल गॅलरीत तर स्टीग्लिट्झची पत्नी, चित्रकार जॉर्जिया ओकीफ हिने दिलेला, स्टीग्लिट्झच्या सोळाशेहून अधिक छायाचित्रांचा संच आहे. ‘कॅमेरा वर्क’चे अंक जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने डिजिटल स्वरूपात खुले केले आहेत.

चित्राखालची बारीक अक्षरातली ओळ आधी वाचा. तिथे प्रत कोणत्या पद्धतीने केली आहे ते लिहिलेलं असतं, आणि मूडचं अर्धं उत्तर त्या शब्दातच असतं.

प्लॅटिनम प्रिंट असेल तर प्रतिमा कागदाच्या वर थरासारखी बसलेली नसते, ती कागदाच्या तंतूंत मुरलेली असते. त्यामुळे पृष्ठभाग चकाकत नाही आणि गडद ते फिका हा प्रवास फार सावकाश होतो. काळा रंग अगदी कोळशासारखा होत नाही, पण मधल्या करड्या छटा विपुल मिळतात. शांत, खोल, श्वास रोखायला लावणारी चित्रं या काळात बहुधा प्लॅटिनमवर आहेत. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम इतकं महागलं की हा कागद मिळेनासा झाला, आणि छायाचित्रांचा स्वभावही त्याबरोबर बदलला.

गम बायक्रोमेटमध्ये डिंक, रंगद्रव्य आणि बायक्रोमेटचा क्षार यांचं मिश्रण कागदावर फासतात. उजेड लागेल तिथे ते घट्ट होतं, बाकीचं पाण्याने धुऊन निघतं. धुताना ब्रश फिरवला तर तपशील पुसताही येतो. म्हणजे इथे छायाचित्रकाराचा हात थेट चित्रात उतरतो. फोटोग्रॅव्हर म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा कोरून शाईने केलेली छपाई. ‘कॅमेरा वर्क’मधली उत्तमोत्तम चित्रं अशीच छापलेली आहेत. जिलेटिन सिल्व्हर हा आपल्या ओळखीचा डार्करूमचा कागद: काळा जास्त काळा, कडा जास्त ठाम.

याचा सराव करायला स्टायकेनच्या ‘द फ्लॅटआयर्न’इतकं चांगलं उदाहरण नाही. १९०४ सालच्या या चित्राच्या तीन मोठ्या प्रती मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे आहेत. निगेटिव्ह एकच. प्लॅटिनमच्या प्रतीवर त्याने वेगवेगळ्या रंगाचा गमचा थर चढवला आणि प्रत्येक प्रतीची संध्याकाळ निराळी झाली. तिन्ही शेजारी शेजारी उघडा. इमारत तीच, फांदी तीच, ओल्या रस्त्यावरचे दिवे तेच. तरी एकीत अजून थोडा दिवस शिल्लक आहे आणि दुसरीत रात्र पार उतरली आहे, असं जाणवतं. वस्तू न बदलता भाव बदलतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचा लेख पटवून द्यावा लागत नाही.

प्रतीची लांबी-रुंदीही पाहा आणि तेवढा आयत कोऱ्या कागदावर आखा. तळहाताएवढं चित्र आणि भिंतीवर टांगायचं चित्र यांच्याशी आपण वेगवेगळ्या अंतरावरून बोलतो.

पायरी २: डोळे किलकिले करा

आता चित्रातल्या वस्तू विसरायच्या. डोळे किलकिले करा, म्हणजे तपशील विरघळतील आणि फक्त गडद-फिके पट्टे उरतील. मोबाइलवर पाहत असाल तर चित्र नखाएवढं लहान करा, नाहीतर फोन उलटा धरा. डोकं खाली पाय वर झालेला माणूस माणूस म्हणून ओळखायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात डोळा छटा पाहून घेतो.

वहीत चार गोष्टी टिपा. सगळ्यात काळा भाग कुठे आहे? सगळ्यात पांढरा कुठे? दोघांच्या मध्ये किती करडेपणा आहे? आणि काळ्यातून पांढऱ्याकडे जाताना डोळा घसरत जातो की ठेचकाळतो? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सावकाश उतरणाऱ्या छटा मन स्थिरावतात, हुरहूर लावतात. काळ्याला लागून थेट पांढरं आलं की ताण येतो, कधी कठोरपणा येतो. नुसतं ‘अंधार म्हणजे दुःख’ हे समीकरण इथे टिकत नाही. स्टायकेनच्या १९०४ च्या ‘द पॉन्ड—मूनलाइट’मध्ये बहुतेक चौकट अंधारातच आहे, पण झाडांमागचा प्रकाश आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब यांच्याकडे छटा इतक्या हळुवार सरकतात की ते चित्र विसावा देतं.

वहीत चौकट काढून पेन्सिलने फक्त तीन छटांत चित्र भरून पाहा: काळी, करडी, कोरी. चित्रकला येण्याची गरज नाही. पाच मिनिटांच्या या कामाने जे कळतं ते तासभर टक लावून पाहूनही कळत नाही.

पायरी ३: हवा कशी होती आणि काच काय पाहत होती

धुकं, बर्फ, पाऊस, वाफ, धूर यांचं या मंडळींना वेड होतं. त्यामागे हौसेइतकंच शास्त्र आहे. स्वच्छ उन्हात जवळचं आणि लांबचं सारख्याच ठसठशीतपणे दिसतं. हवेत ओल किंवा धूर असला की जवळचं गडद, त्यामागचं फिकं, त्याच्याही मागचं आणखी फिकं असे पडदे पडतात. शहराचा गोंगाट आपोआप गाळला जातो.

दुसरं कारण काचेच्या प्लेटमध्ये, म्हणजे तेव्हा फिल्मच्या जागी वापरल्या जाणाऱ्या, रसायन लावलेल्या काचेत आहे, आणि हे ठाऊक नसेल तर अर्थ लावताना हमखास घोटाळा होतो. जुन्या साध्या प्लेटला निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा दिसायचा. लाल वीट काळवंडायची, माणसाची त्वचा होती त्याहून सावळी यायची आणि निळं आकाश कोरं पांढरं पडायचं. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाने प्लेटमध्ये रंजक मिसळून तिला हिरव्यापर्यंत दृष्टी दिली. पुढे बर्लिनमध्ये तरुण स्टीग्लिट्झ याच फोगेलकडे शिकला. सगळे रंग पाहू शकणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेट बाजारात आल्या त्या १९०६ मध्ये.

म्हणून १८९० च्या दशकातल्या चित्रात कोरं आकाश दिसलं की ‘शून्यता’, ‘पोकळी’ असे शब्द लिहायची घाई करू नका. ते पुष्कळदा प्लेटचं अंधत्व असतं. दुसरीकडे, लांबच्या धुक्यात निळसर प्रकाश जास्त असल्यामुळे ही प्लेट धुकं वाढवून दाखवायची, आणि छायाचित्रकार ते जाणून वापरायचे. स्वतःला विचारा: हे साधनाने लादलं, की साधनाची मर्यादा ओळखून माणसाने निवडलं? जिथे निवड दिसते तिथे अर्थ शोधायला जागा आहे.

स्टीग्लिट्झचं ‘विंटर, फिफ्थ ॲव्हेन्यू’ पाहा. तारीख २२ फेब्रुवारी १८९३. हिमवादळात तो हातातला कॅमेरा घेऊन तीन तास उभा राहिला, असं त्यानेच सांगितलं आहे. बर्फातल्या काळ्या चाकोऱ्या आणि त्यांतून पुढे येणारी घोडागाडी, बाकी सगळं करडं. गाडी तर दिवसभर येतच असणार. हव्या त्या छटा जुळून यायची वाट पाहायची होती.

पायरी ४: धार कुठे आहे, कडा कुठे आहे

चित्रात सगळ्यात धारदार जागा कोणती ते शोधा. त्या काळी मुद्दाम मऊ चित्र देणारी भिंगं मिळत. बोस्टनच्या पिंकहॅम अँड स्मिथची त्यासाठी प्रसिद्ध होती. अशा भिंगाने उजळ भाग आजूबाजूच्या अंधारात किंचित सांडतो आणि वस्तूभोवती प्रभा येते. जिथे सगळंच मऊ आहे तिथे चित्र आठवणीकडे, स्वप्नाकडे झुकतं. जिथे एकच गोष्ट धारदार आहे तिथे छायाचित्रकार बोट ठेवतो आहे.

मग चौकटीच्या चारही बाजूंनी बोट फिरवा आणि काय कापलं आहे ते पाहा. स्टायकेनने फ्लॅटआयर्न इमारतीचा माथा कापला. १९०२ मध्ये बांधून झालेली ही उंच इमारत म्हणजे तेव्हाच्या न्यूयॉर्कचं कौतुक. तिचा माथाच दाखवला नाही, त्यामुळे ती किती उंच आहे याचा अंत लागत नाही. खाली उंच टोप्या घातलेले घोडागाडीवाले काळ्या आकृत्या होऊन बसले आहेत. जुनं वाहन खाली, नवी इमारत धुक्यात वर. ‘जुनं विरुद्ध नवं’ असं सहज म्हणता येईल, पण संध्याकाळच्या त्या निळसर उजेडात दोन्ही सारखीच विरत चालली आहेत, भांडत नाहीत. छटा पाहिल्या नसत्या तर आपण तिथे संघर्ष लिहून बसलो असतो.

‘विंटर, फिफ्थ ॲव्हेन्यू’ची कडाही अभ्यासण्यासारखी आहे. मूळ निगेटिव्ह बरीच रुंद आहे. स्टीग्लिट्झने छापताना बाजू काढून टाकल्या आणि गाडीला मधोमध आणलं. म्हणजे वादळात एकाकी सापडलेली ती गाडी काही अंशी डार्करूममध्ये घडली. यात फसवणूक काही नाही, रचना आहे. कागदाचे दोन एल आकाराचे तुकडे कापून घ्या आणि कोणत्याही चित्रावर सरकवत पाहा, कडा हलली की भाव कसा हलतो ते लगेच समजेल.

पायरी ५: आकारांची हाक

आता पुन्हा ‘द स्टीअरेज’. स्टीग्लिट्झने पुष्कळ वर्षांनी, १९४२ मध्ये, या चित्राची हकिगत छापली. तो पहिल्या वर्गाचा प्रवासी होता, तिथल्या लोकांचा कंटाळा येऊन तो डेकच्या टोकाशी गेला आणि खाली पाहू लागला. त्याला काय दिसलं याची त्याने दिलेली यादी वाचण्यासारखी आहे: वरच्या डेकवरच्या माणसाची गोल गवती टोपी, डावीकडे कललेलं धुराडं, उजवीकडे कललेला जिना, साखळ्यांच्या कठड्याचा पांढरा पूल, खालच्या माणसाच्या पाठीवर फुली मारणारे पांढरे पट्टे, आकाश कापत गेलेली डोलकाठी. या यादीत गरिबी, आशा असे शब्द येत नाहीत. आधी आकार येतात, आणि त्या आकारांनी जीवनाविषयीची एक खोल भावना जागवली असं तो म्हणतो. जवळ एकच प्लेट उरली होती; कॅमेरा आणायला तो धावत गेला आणि परतला तेव्हा टोपीवाला माणूस जागचा हललेला नव्हता.

ही हकिगत घडल्यानंतर पस्तीस वर्षांनी लिहिली आहे, हे लक्षात ठेवून वाचावी. तरी चित्र तिला दुजोरा देतं. बोटाने तो पांढरा पूल झाका. वरचे लोक आणि खालचे लोक एका गर्दीत मिसळतात आणि चित्राचा प्राण जातो. बोट उचला: पुन्हा दोन जगं, मध्ये रिकामी पांढरी वाट, आणि तिच्यावर कुणी नाही. विभागणीची ही जाणीव जहाज कुठल्या दिशेला चाललं होतं यावर अवलंबून नाही. म्हणूनच दिशा कळल्यावरही चित्र कोसळत नाही, आपला घाईचा अर्थ तेवढा कोसळतो.

कोणत्याही चित्रात हा झाकण्याचा प्रयोग करा. ज्या गोष्टीवर बोट ठेवल्याने भाव मरतो ती चित्राची कळ आहे, मग ती कितीही क्षुल्लक वस्तू असो.

पायरी ६: आता प्रतीक, तेही कसोटी लावून

इथवर आल्यावर ‘याचा अर्थ काय’ असं विचारायला हरकत नाही. मी तीन कसोट्या लावते. त्या वस्तूकडे उजेड किंवा रेषा डोळ्याला नेतात का? तोच आकार चित्रात किंवा त्या छायाचित्रकाराच्या इतर चित्रांत पुन्हा येतो का? आणि त्या काळच्या पाहणाऱ्याला ती खूण ओळखीची होती का? तीनपैकी दोन तरी हो आले तर प्रतीक म्हणावं. एकच आलं तर वहीत प्रश्नचिन्ह टाकून पुढे जावं.

केसेबियरचं १८९९ चं चित्र घ्या. पांढऱ्या झग्यातली आई दाराच्या चौकटीत उभी आहे, शेजारी गडद पोशाखातली मुलगी, आता उंबरा ओलांडेल अशी. मागच्या भिंतीवर देवदूत मेरीला शुभवार्ता सांगतो त्या प्रसंगाचं चित्र. शीर्षक ‘ब्लेसेड आर्ट दाऊ अमंग विमेन’, म्हणजे ‘तू स्त्रियांमध्ये धन्य आहेस’, हे बायबलमधल्या त्याच प्रसंगाचं वाक्य. दाराच्या उभ्या रेषा मुलीलाच चौकट देतात, पांढऱ्या पसाऱ्यात तीच एक गडद आहे, आणि शीर्षक तेव्हाच्या ख्रिस्ती वाचकाला पाठ होतं. इथे प्रतीक निःसंशय आहे. तरी मला त्यातलं सगळ्यात बोलकं काय वाटतं? आईचा झगा मागच्या उजेडात जवळपास मिसळून जातो आणि मुलगी मात्र वेगळी, स्पष्ट उभी राहते. तिचं वेगळं होणं छटेनेच सांगितलं आहे. देवदूत दिसला नसता तरी ते कळलं असतं.

क्लॅरेन्स व्हाइटच्या १९०५ च्या ‘मॉर्निंग’मध्ये बाईच्या हातात काचेचा गोल आहे. या गोलाचा एकच अर्थ कुणी ठामपणे सांगू लागलं तर सावध व्हा. काचेचा गोल हे त्या चित्रात सगळ्यात आधी उजेड पकडायचं साधन आहे. व्हाइट ओहायोत हिशेबनीस होता, कामावर जाण्याआधीचा पहाटेचा वेळ त्याला छायाचित्रणासाठी मिळायचा. त्याच्या चित्रांतली ती ओलसर सकाळ नोकरीच्या वेळापत्रकातूनही आली आहे.

उलट टोकाला पूर्ण मांडून केलेली प्रतीकात्मक दृश्यं आहेत. मुंबईचे पारशी छायाचित्रकार शापूर भेदवार यांनी १८९० च्या दशकात वेशभूषा, हावभाव, गूढ विधी अशी नाट्यमय मांडणी करून चित्रं घेतली आणि ती लंडनमध्येही दाखवली गेली. अशा चित्रात वस्तूंचा अर्थ लावणं योग्यच, कारण प्रत्येक वस्तू हाताने ठेवलेली आहे.

आणि वस्तू ओळखताना डोळ्यांवर जरा अविश्वास असू द्या. ‘द स्टीअरेज’मधल्या पट्ट्यांची शाल घेतलेल्या आकृतीला अनेकांनी प्रार्थनेची शाल पांघरलेला ज्यू पुरुष ठरवलं. मोठ्या प्रतीत पाहिलं तर ती बाई आहे.

पायरी ७: तारखा जुळवा

पॉल स्ट्रँडचं ‘वॉल स्ट्रीट’ १९१५ सालचं. जे. पी. मॉर्गन बँकेची नवी कोरी इमारत, तिच्या भिंतीत प्रचंड काळे आयत, आणि त्यांच्या पायथ्याशी लांब सावल्या ओढत चाललेली छोटी माणसं. धुकं नाही, मऊ भिंग नाही. तरी दडपण आहे. किलकिल्या डोळ्यांनी पाहा: काळ्या आयतांची लय ठाम, एकसारखी, माणसांची लय विस्कळीत. काळ्यात काही तपशील नाही, त्यामुळे डोळा तिथे शिरतो आणि काही न मिळता परत येतो. खिडक्या बाहेर पाहण्यासाठी असतात. या खिडक्या आंधळ्या वाटतात. स्ट्रँडनेही पुढे त्या आकारांच्या भयावहपणाबद्दल सांगितलं आहे.

सप्टेंबर १९२० मध्ये याच इमारतीसमोर मोठा बॉम्बस्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं मेली. ते माहीत असलेल्याला चित्रात अशुभ चाहूल दिसते. पण चित्र पाच वर्षं आधीचं आहे. आपल्याला नंतर कळलेली गोष्ट आणि चित्रात असलेली गोष्ट वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. पहिला रकाना रिकामा ठेवायचा असं नाही, पण तो छायाचित्रकाराच्या नावावर मांडायचा नाही.

पायरी ८: वस्तूच नसेल तेव्हा

इथे जास्त वेळ थांबा. स्टीग्लिट्झच्या चित्रांचं बळ कशात आहे याची चर्चा चालू असताना एका लेखकाने असं लिहिलं की समोर बसलेल्या माणसांवर त्याची मोहिनी पडते, म्हणून व्यक्तिचित्रं तशी येतात. हे त्याला लागलं. १९२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जच्या घरी त्याने कॅमेरा ढगांकडे वळवला. कारण १९२३ च्या एका लेखात त्याने स्वतः दिलं आहे: ढग सगळ्यांना उपलब्ध आहेत, त्यांवर अजून कर बसलेला नाही. विषय कुणाच्या मालकीचा नसताना चित्रात बळ आलं, तर ते पाहण्यातून आलं हे सिद्ध होईल. पहिल्या संचाचं नाव संगीतावरून, दुसऱ्याचं ‘साँग्ज ऑफ द स्काय’, आणि १९२५ पासून ‘इक्विव्हॅलंट्स’, म्हणजे ‘समतुल्य’. पुढची दहाएक वर्षं हे काम चाललं आणि दोनशेहून अधिक चित्रं झाली.

बहुतेक ‘इक्विव्हॅलंट्स’ साधारण ९ बाय १२ सेंटीमीटरची आहेत, म्हणजे फोनच्या पडद्यावर ती जवळपास मूळ आकारात दिसतात. खोलीतले दिवे मंद करा आणि एक चित्र उघडा. क्षितिज शोधू नका, बहुतेकांत ते नाहीच. वर-खाली ठरवू नका. स्टीग्लिट्झनेही काही प्रती वेगवेगळ्या दिशांनी धरल्या. ढगात घोडा, चेहरा शोधण्याचा मोह तेवढा आवरा. आकाश जवळपास काळं आहे हे पाहा. फोगेलच्या शिष्याला आता निळा रंग अंधारात ढकलता येत होता. मग पायरी २ चे चार प्रश्न विचारा. वस्तू हाती लागत नसल्यामुळे आता फक्त तेच प्रश्न उरतात, आणि या चित्रांचा हेतूही तोच.

या कामाला लवकर ओळखणाऱ्यांत एक नाव आपल्या जवळचं आहे. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात भारतीय कलेचे प्रमुख असलेल्या आनंद कुमारस्वामींनी १९२४ मध्ये स्टीग्लिट्झची २७ छायाचित्रं त्या संग्रहात घेतली, आणि तीही अशा काळात जेव्हा मोठी संग्रहालयं छायाचित्राला कला म्हणून दारात उभं करत नव्हती. रसविचार पचवलेल्या माणसाने ढगांच्या चित्रांत काय पाहिलं असेल, याचा विचार करताना मला फार आनंद होतो. भाव वस्तूत नसतो, वस्तू ही त्याचं निमित्त असते, हे आपल्या काव्यशास्त्रात किती जुनं आहे!

पायरी ९: वहीत लिहायचं कसं

तेच शास्त्र हाताशी घ्या. प्रत्येक चित्रासाठी एक भाव आणि त्याची दिसणारी कारणं लिहा. ‘सुंदर’, ‘गूढ’, ‘अप्रतिम’ हे शब्द बाद. हुरहूर, दडपण, सामसूम, विरक्ती, भकासपणा, आतुरता, निवांतपणा असा नेमका शब्द शोधा. कारणात फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी येऊ द्या. उदाहरणार्थ: ‘वॉल स्ट्रीट: दडपण. काळे आयत तपशीलहीन; माणसांची उंची आयतांच्या एका अंशाएवढी; ऊन तिरपं पण ऊब नाही.’ शेवटचे शब्द लिहिताना मन अडखळलं तर चांगलंच. ‘ऊब नाही’ हे दिसतं की वाटतं? काळ्यातून थेट पांढऱ्यात जाणारी कडा तसं वाटायला लावते, असं लिहा, म्हणजे कारण पुरं झालं.

पायरी १०: स्वतः करून पाहा

मोबाइल पुरेसा आहे. फोटो रंगीत घ्या आणि नंतर कृष्णधवल करा, कारण रंगांची माहिती राहिली तरच पुढचं जमतं. एडिटिंग ॲपमध्ये कृष्णधवलसाठी रंगांचे वेगवेगळे स्लायडर असतात. निळा वाढवून लाल खाली आणला की १८९० ची प्लेट मिळते: आकाश कोरं, कातडी सावळी, लांबचं विरलेलं. निळा खाली ओढला की ‘इक्विव्हॅलंट्स’चं काळं आकाश. हे दुसरं भर पावसाळ्यात जमणार नाही. आभाळ पूर्ण भरलेलं असताना अंधारात ढकलायला निळा रंगच नसतो. मधली उघडीप किंवा पाऊस सरल्यानंतरचे आश्विन-कार्तिकातले दिवस निवडा. धुक्यासाठी घाटमाथ्यावरची पावसाळी सकाळ, नाहीतर हिवाळ्यात नदीकाठ.

फोटो घेताना एक्सपोजर किंचित कमी करा, म्हणजे पांढऱ्यात तपशील टिकेल. एकच साधी जागा घ्या, गावातला पार किंवा तुमच्या गल्लीचं टोक, आणि तीच दुपारच्या उन्हात, कातरवेळी आणि पावसात टिपा. जागा, उंची, चौकट बदलू नका. मग तिन्हींतून एक निवडून स्टायकेनसारखी तिच्याच तीन प्रती करा: एक उबदार तपकिरी, एक निळसर, एक निखळ करडी. मॅट कागदावर, पोस्टकार्डाएवढ्या आकारात छापून घ्या. चकाकणारा कागद सावल्यांतले तपशील आरशासारखे परावर्तित करून घालवतो.

प्रतीमागे तारीख, वेळ, हवा आणि तुम्हाला अभिप्रेत असलेला भाव लिहा. पुढच्या बाजूला शीर्षक देऊ नका. चार जणांना प्रत दाखवा आणि ‘काय दिसतं?’ न विचारता ‘कसं वाटतं?’ एवढंच विचारा. उत्तरात ‘हा पार आहे ना?’ आलं तर पार अजून फार ओळखू येतो आहे. सावल्या एक पायरी खाली आणा, चौकटीची एक कडा आत घ्या आणि पुन्हा छापा.